बांधावरचे तीन पातफणस: लाकूडवाल्याला द्यायचे का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो. सावंतवाडी तालुक्यात वडिलोपार्जित दीड एकर जमीन, तुम्ही पुण्यात. वरच्या बांधाला तीन मोठे रानफणस, आजोबांच्याही आधीचे, एकाच्या मिठीत मावत नाहीत असे. फळ म्हणून कधी हाताला लागत नाही, थंडी सरता सरता झाडाखाली लांब लांब वातीसारखं काहीतरी गळून सडा पडतो, ती फळगळ समजून कुणीतरी तुम्हाला फवारणी सुचवली. आणि आता एक लाकूडवाला बघून गेलाय, म्हणतो झाडं म्हातारी झाली, आतून पोकळ व्हायच्या आधी काढून टाका, तिन्हीचे मिळून एकरकमी पैसे देतो, मोकळ्या जागेत काजू लावा. तर देऊ का?

मी कोण सांगणारा, तर वडील सुतार, त्यांच्या हाताखाली दहा-बारा वर्षं चौकटी आणि तुळया केल्या, आणि मग गेली 28 वर्षं रोपवाटिका चालवतोय. म्हणजे हे झाड मी उभंही पाहिलंय आणि आडवंही. तोडायला माझा सरसकट विरोध नाही हे आधीच सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं रोपं विकणारा माणूस म्हणजे आता रडगाणं लावणार. झाड लाकडासाठी तोडलं तर त्यात पाप नाही. पण तुमच्याकडे नेमकं काय आहे हे तुम्हाला कुणी धड सांगितलेलं नाही आणि लाकूडवाल्याला मात्र ते पक्कं ठाऊक आहे, सगळा घोळ तिथे आहे. असा सौदा कुठल्याही भावात केला तरी तुम्हीच बुडणार.

पहिलं म्हणजे झाड कुठलं ते. 'रानफणस' हे नाव लोक कशालाही लावतात, रानात आपोआप उगवलेल्या साध्या फणसालासुद्धा. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला तो पातफणस वाटतोय, काहीजण पाटफणस म्हणतात. खात्री करायची सोपी खूण अशी की साधा फणस खोडाला आणि जाड फांद्यांना लागतो, पातफणस कधीच खोडाला लागत नाही, त्याची फळं वर फांद्यांच्या टोकाला पानांच्या बेचक्यात असतात, लिंबापेक्षा मोठी, मुठीत मावतील एवढी, अंगावर मऊसर काटे, पिकली की पिवळी-केशरी. कोवळ्या फांदीवर बोट फिरवलं तर केसाळ लागतं, शास्त्रीय नाव आर्टोकार्पस हिर्सुटस, त्यातल्या हिर्सुटसचा अर्थच केसाळ. नीरफणस वेगळा, तो परसात लावतात, त्याची भाजी आणि कापं करतात. आणि आपल्याकडचा ओटम, ज्याची आंबट फळं कापून वाळवून आमटीत टाकतात, तोही ह्याच घराण्यातला पण वेगळा. चौघांनाही चीक असतो त्यामुळे चिकावरून ओळखायला जाऊ नका.

पातफणस हे फक्त पश्चिम घाटाचं झाड आहे, कोकणापासून खाली केरळपर्यंत, घाटाच्या पायथ्याच्या ओल्या सदाहरित जंगलात आणि आता गावागावांच्या बांधांवर, परसात. कन्नडमध्ये हेब्बलसू, मल्याळममध्ये आंजिली किंवा आयनी. जगात बाकी कुठे ते आपणहून उगवत नाही. केरळात ह्या झाडाला जेवढा मान आहे त्याच्या पाव हिश्शानेही आपल्याकडे नाही, तिकडच्या शर्यतीच्या त्या शंभर फुटांहून लांब सर्पनौका असतात ना, त्या आंजिलीच्या फळ्यांच्या बांधतात. का, तर लाकूड पाण्यात टिकतं, वाळवी सहसा लागत नाही, आणि झाड इतकं सरळ आणि उंच जातं की लांब सलग फळी निघते. शंभर फुटी झाड रानात नवलाचं नाही, आणि त्यातला निम्मा भाग बिनफांदीचा.

आता त्या वातींचं. ती फळगळ नाहीये, कृपा करून कसलंही औषध मारू नका. ह्या झाडाला नर फुलोरा वेगळा आणि मादी फुलोरा वेगळा, पण दोन्ही एकाच झाडावर. नर फुलोरा म्हणजे ती लांब लोंबणारी वात, वीतभर होते, परागकण सोडून झाले की तिचं काम संपलं, ती गळणारच. मादी फुलोरा गोल, केसाळ, त्याचंच पुढे फळ होतं. आंब्याचा मोहर गळताना पाहून जसं पोटात गोळा येतो तसं लोकांचं इथे होतं, पण वाती गळणं ही चांगली खूण आहे, फुलोरा भरपूर आला होता एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे 'हे नर झाड, ह्याला फळ धरत नाही' असं जर कुणी म्हणालं तर तेही मनावर घेऊ नका. तरुण झाडाला पहिली एकदोन वर्षं नुसत्या वातीच येतात असं मी पाहिलंय, पण तुमची झाडं काही तरुण नाहीत. जाता जाता, केरळात ह्या वाळलेल्या वातीला आंजिलीतिरी म्हणतात, तिरी म्हणजे वातच, ती पेटवली की उदबत्तीसारखी हळूहळू धुमसत राहते, पोरं तिनेच फटाके लावायची. आमच्या गोठ्यात मी संध्याकाळी लावून बघितली, डासांचं म्हणाल तर ठीकठाक, वास छान येतो.

मग फळं जातात कुठे? तुम्ही पुण्यात, फळ पिकतं मेच्या शेवटी ते जूनमध्ये, तुम्ही येता गणपतीत. हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा असा की फळ साठ-सत्तर फुटांवर बारीक फांदीच्या टोकाला, तिथे आंबे काढायचा झेला पोचत नाही, चढणारा माणूसही त्या टोकाला जात नाही आणि त्याला पाठवूही नये. पिकलं की एकतर वटवाघूळ, शेकरू, माकडं, उदमांजर खातात नाहीतर खाली पडून फुटतं. एवढ्या उंचीवरून पडलेल्या पिकल्या फळाचं काय होणार, लगदा. आमच्याकडे लहानपणी झाडाखाली जुन्या साड्या चारी कोपऱ्यांना बांधून झोळी करायचे, पहाटे जाऊन गोळा करायचं, वटवाघळांच्या तावडीतून जे सुटलं ते आपलं. आता शेडनेट बांधतो, तेवढाच फरक.

चवीचं सांगायचं तर ज्याने खाल्लंय तो विसरत नाही. काटेरी साल बोटांनी सोलली की आत मधल्या दांड्याभोवती केशरी गरे, प्रत्येक गरा बोराएवढासुद्धा नाही, आणि त्यात आठळी. गोड, पण मागून एक आंबट झाक. फणसासारखा डोक्यात जाणारा वास नाही. आठळ्या धुऊन, वाळवून, राखेत नाहीतर तव्यावर भाजून खायच्या, शेंगदाण्यासारख्या लागतात, आमच्या घरात गऱ्यांपेक्षा आठळ्यांवरूनच जास्त भांडणं. हात-सुरीला आधी खोबरेल लावा, चीक इथेही आहेच. पण धंदा म्हणून विचाराल तर नाही, फळ एका दिवसात मऊ पडतं, ते सावंतवाडीच्या बाजारात नेईपर्यंत निम्मं गेलेलं असतं. म्हणजे फळातून तुम्हाला पैसे नाहीत हे मी मान्य करतो. ते स्वतःसाठी, पोरांसाठी, आणि जंगलातल्या जनावरांसाठी. ह्यावर तुम्ही म्हणाल मग मला काय मिळालं, थांबा, तिकडेच येतोय.

लाकूड. तुमच्या व्यापाऱ्याने 'तिन्हीचे मिळून इतके' असं सांगितलं ना, ही सगळ्यात जुनी युक्ती आहे, उभं झाड नजरेने विकत घ्यायचं. माप घेतल्याशिवाय आकड्यावर बोलूच नका. माप तुम्ही स्वतः घेऊ शकता, एक शिवणकामाची टेप आणि एक हुशार पोरगा पुरे. आपल्याकडे लाकूड मोजतात ते असं: ओंडक्याच्या मधोमध घेर घ्यायचा, त्याला 4 ने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं, सगळं फुटात धरलं की उत्तर घनफुटात. समजा मधला घेर 7 फूट आणि ओंडका 20 फूट लांब, तर 7 भागिले 4 म्हणजे पावणेदोन, त्याचा वर्ग 3.06, गुणिले 20, म्हणजे साधारण 61 घनफूट. गंमत अशी की ह्या ओंडक्यात खरं लाकूड असतं 78 घनफुटांच्या आसपास. ही मोजणीच अशी आहे की कापताना वाया जाणाऱ्या कडांची सूट घेणाऱ्याला आधीच मिळालेली असते, एकवीस-बावीस टक्के. त्यामुळे वर पुन्हा 'कटाईत घट जाते हो' म्हणून कुणी भाव पाडायला लागला तर तीच घट तो दुसऱ्यांदा लावतोय हे लक्षात ठेवा. उभ्या झाडाचा मधला घेर जमिनीवरून मिळत नाही, छातीच्या उंचीला घ्या आणि वर झाड निमुळतं होतं म्हणून थोडा कमी धरा. मग दोन वेगवेगळ्या सॉ मिलमध्ये जाऊन पातफणसाचा घनफुटाचा दर विचारा, आपण विकणारे आहोत हे न सांगता, घ्यायचंय म्हणून विचारा.

दुसरी गोष्ट सुतार म्हणून सांगतो. पातफणसाचा पैसा सगळा गाभ्यात असतो. सालीच्या आत दीड-दोन इंच पांढरं लाकूड असतं, ते टिकत नाही, कीड तिथेच लागते. आतला गाभा सोनेरी पिवळा, हवा लागली की हळूहळू तपकिरी होत जातो, वाळवीला दाद न देणारं लाकूड ते हेच. आता हिशोब करून बघा, पांढरा भाग दोन इंच धरला तर 3 फूट घेराच्या झाडात गाभा जेमतेम 42 टक्के, आणि 7 फूट घेराच्या झाडात 72 टक्के. म्हणजे झाड जाड होतं तसं नुसतं लाकूड वाढत नाही, त्यातला चांगला वाटाही वाढतो. म्हणून तर व्यापाऱ्याला तुमची 'म्हातारी' झाडं हवी आहेत, शेजारच्या बांधावरची तरणी नकोत. सागाच्या खालोखाल मी घरकामाला हेच वापरलंय, चौकटी, दारं, खिडक्या, तुळया, सगळं. एकच वाईट सवय, ह्या लाकडाची रेषा उलटसुलट असते, रंधा एका बाजूने गुळगुळीत जातो आणि पुढे जाऊन अचानक उचकटतो, नवखा कारागीर वैतागतो, पण पॉलिश केल्यावर त्याच उलटसुलट रेषेचे जे पट्टे चमकतात त्याला तोड नाही.

बरं, पोकळ होण्याची भीती खरी की खोटी? अर्धी खरी. जुनी झाडं आतून जातात, मोडलेल्या फांदीच्या जखमेतून पाणी शिरतं आणि तिथून कूज खाली उतरते. पण ते झाडागणिक वेगळं, वयावरून ठरत नाही. तुम्ही गेलात की कुऱ्हाडीची मागची बाजू घेऊन बुंध्याला चारी बाजूंनी, जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत ठोकत जा. भरीव लाकूड कोरडा, घट्ट आवाज देतं, पोकळ असेल तर रिकाम्या पिंपासारखा घुमतो, एकदा कानाने ऐकलात की पुन्हा शिकवावं लागत नाही. मुळाशी कानासारखी कडक अळंबी बाहेर आलीय का बघा, ती असेल तर आत कूज आहेच. वर एखादी मोठी फांदी तुटल्याचं भोक आहे का, शेंड्याच्या फांद्या वाळल्यात का. आणि हे सगळं बघून एखादं झाड पोकळ निघालंच तर त्याचं लाकूड म्हणून मोल आधीच गेलंय, घाईने तोडून ते परत येणार नाही. ते घरावर किंवा वाटेवर कलत नसेल तर राहू द्या, धनेशाला घरट्यासाठी अशाच मोठ्या झाडांच्या ढोल्या लागतात आणि तशी झाडं आता शोधावी लागतात. घराकडे कलत असेल तर मात्र भावनेत अडकू नका, काढा.

कायद्याचं मी वकील नाही पण एवढं तरी बघाच, कारण व्यापारी म्हणतो 'परवानगीचं मी बघतो' आणि गाडी अडली की सातबारा तुमचा असतो. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, ऐन, किंजळ, जांभूळ वगैरेंबरोबर फणसही आहे. आमचा हा तो फणस नव्हे, वेगळी जात, असा वाद घालत बसण्यात अर्थ नाही, अर्ज रीतसर करा, लाकूड हलवायला वाहतूक पासही लागतो. त्याआधी सातबाऱ्यावर 'खाजगी वने' असा शेरा तर नाही ना ते बघा, आपल्या जिल्ह्यात तो भल्याभल्यांच्या जमिनीवर निघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव कॉरिडॉरसाठी मुंबई हायकोर्टाने 2013 मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातलीय. तुमचं गाव त्या पट्ट्यात येत असेल तर मी वर लिहिलेल्या भावाच्या गोष्टी सोडाच, विषयच संपला. गाव कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून हे तुमचं तुम्हाला वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारावं लागेल. आणि सातबाऱ्यावर काका-आत्यांची नावं असतील तर त्यांच्या सह्या, हे सांगायची गरज नसावी, कोकणात झाडापेक्षा त्यावरची भांडणं जास्त जगतात.

काजूचं गणित मला अजिबात पटलं नाही. तुमच्या तीन झाडांचा पसारा धरा प्रत्येकी दहा मीटर व्यासाचा, म्हणजे तिन्ही मिळून साधारण 235 चौरस मीटर. काजू आपण 7 बाय 7 मीटरवर लावतो, एका झाडाला 49 चौरस मीटर. म्हणजे तीन पातफणस पाडून तुम्हाला जागा मिळाली पाच काजूंची, तीही बांधावर. पाच! दीड एकरातल्या उरलेल्या जागेत वेंगुर्ला-4 नाहीतर वेंगुर्ला-7 ह्या जातीचा काजू लावायला तुम्हाला कुणी अडवलंय, ती जागा मोकळीच आहे ना? फक्त पातफणसाच्या अगदी बुडाला काजू लावू नका, त्याला पूर्ण ऊन लागतं.

त्यापेक्षा त्या तीन झाडांवर मिरी चढवा. पातफणसाची साल खडबडीत, मिरीची मुळं छान धरतात, कर्नाटक-केरळात हे झाड मिरीचा जिवंत आधार म्हणून नेहमीचं आहे. पावसाच्या सुरुवातीला खोडापासून फूट-दीड फूट लांब, शक्यतो उत्तर-पूर्व बाजूला वेल लावायचे, दक्षिण-पश्चिमेचं ऊन कोवळ्या वेलाला भाजतं. मिरीची पन्नीयूर-1 ही जात सगळीकडे मिळते पण तिला उजेड लागतो, तुमच्या झाडांची सावली दाट असेल तर करीमुंडा ही जात बरी. तिसऱ्या वर्षापासून काढणी सुरू होते. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हा तुमच्यासाठी खरा प्रश्न आहे, गावात कुणी बघणारं नसेल तर वेल जगणार नाहीत, उगाच माझ्यावर विश्वास ठेवून लावू नका.

तर इथपर्यंतचं एकदा परत: वाती गळतात ते ठीक आहे, फळ वर असतं आणि जूनमध्ये येतं, लाकडाची किंमत माप घेतल्यावरच कळते आणि जाड झाडाला घाई नसते, कागद आधी बघा, काजूसाठी तोडू नका. आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो, पटलं तर घ्या. तिन्ही कधीच दिले नसते. घर बांधायचं किंवा दुरुस्त करायचं मनात असेल, कागद साफ असतील, तर तिघांतला एक, तोही आजूबाजूला सगळ्यात अडचण करणारा, स्वतःसाठी काढला असता आणि लाकूड स्वतःच कापून घेतलं असतं, उभं विकलं नसतं. उभ्या झाडाचा भाव आणि तेच लाकूड फळ्यांच्या रूपात विकत घ्यायचा भाव ह्यात जो फरक आहे तो बघितलात तर झोप उडेल. एकदा आमच्याच नात्यातल्या एकाने बांधावरचं झाड विकलं आणि दोन वर्षांनी दरवाजासाठी त्याच लाकडाच्या फळ्या विकत आणल्या, मी मापं घ्यायला गेलो होतो, मला तोंड वर करून बघवेना.

काढायचंच झालं तर पाऊस संपून जमीन वाळल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. जुने सुतार अमावास्येचा हिशोब करतात, मी चंद्र बघत नाही, पाऊस बघतो. ओंडका तसाच सालीसकट पावसात पडू दिला तर पांढऱ्या भागात भुंगे शिरतात, म्हणून साल काढून लगेच सॉ मिलला न्यायचा, फळ्या आणि चौकटीचे तुकडे सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून हवा खेळेल असे रचायचे, टोकांना रंग किंवा शेण फासायचं म्हणजे चिरा पडत नाहीत. इंचभर फळीला निदान सहा महिने द्या, चौकटीच्या जाड लाकडाला वर्ष. गणपतीच्या आत घर हवंय म्हणून ओल्या लाकडाच्या चौकटी बसवणारे पुढच्या मे महिन्यात मला फोन करतात.

आणि तोडा किंवा ठेवा, पुढची रोपं मात्र आधी करा. ह्याला घाई आहे, लाकडाला नाही. पातफणसाचं बी साठवता येत नाही, सुकलं की मेलं. लोक मेमध्ये आठळ्या गोळा करतात, छान उन्हात वाळवतात, डब्यात ठेवतात आणि पुढच्या वर्षी 'तुमच्या झाडाचं बी वांझ' म्हणून मला ऐकवतात. फळातून काढलं की गर धुऊन टाकायचा, सावलीत तासभर निथळायचं आणि त्याच दिवशी नाहीतर फार तर आठवडाभरात लावायचं. बोटाच्या एका पेराएवढं खोल, जास्त नाही. पिशवी उभट आणि मोठी घ्या, 8 बाय 12 इंचांची तरी, कारण सोटमूळ सरळ खाली धावतं आणि छोट्या पिशवीत तळाला वेटोळं घालून बसतं, असं रोप जमिनीत लावलं तर पाच-सहा वर्षं जगून एखाद्या वादळात मुळासकट उपटतं. दोन-तीन आठवड्यांत उगवतं. उंदीर आठळ्या उकरून खातात, वर जाळी टाका. सुरुवातीला सावली हवी, घाटातलं झाड आहे, लहानपण दुसऱ्यांच्या सावलीत काढून मग वर जातं.

एक गंमत लक्षात ठेवा. कोवळ्या रोपाची पानं मोठी आणि खोल कातरलेली असतात, मोठ्या झाडाची साधी, अखंड. माझ्याकडून पहिल्यांदा पातफणसाची रोपं नेलेले एक गुरुजी तीन महिन्यांनी सगळी परत घेऊन आले, म्हणाले मला नीरफणस दिलात, फसवलंत. त्यांना मोठ्या झाडाखाली उगवलेली त्याचीच रोपं दाखवली तेव्हा कुठे पटलं. तुमच्याही झाडाखाली अशी कातरलेल्या पानांची रोपं आत्ता उगवलेली असतील, गवत काढणाऱ्या माणसाने ती छाटली नसतील तर. ती असली तर नर्सरीचा खटाटोपच नको, जागच्या जागी चार काठ्या आणि काटे लावून जपा, गुरं ह्याचा पाला फार आवडीने खातात, तीन वर्षं तरी कुंपण हवं.

वाढ किती, हे विचाराल म्हणून सांगतो, जागेवर आहे. माझ्या बांधावर एकाच दिवशी लावलेली दोन झाडं आहेत, आज 24 वर्षांची, खोल मातीतल्याचा घेर चार फुटांना टेकलाय आणि कातळाजवळच्याचा दोन फूट. फळ खोल मातीतल्याला नवव्या वर्षी आलं, कातळावरच्याला अजून दोन-चारच लागतात. तुमचा वरचा बांध जुना आणि मातीचा असेल तर पहिल्यासारखं होईल. पाणी तुंबणाऱ्या खाचरात लावू नका.

पुढच्या मेच्या शेवटी चार दिवस काढून या, गणपतीत नको. टेप, कुऱ्हाड आणि दोन-तीन जुन्या साड्या आणा, झोळी आदल्या संध्याकाळी बांधा आणि उजाडायच्या आत झाडाखाली जा. घेर आणि बुंध्याचे फोटो इथे टाकलेत तर कुठलं झाड किती भरीव वाटतं ते मी सांगेन. तोवर लाकूडवाल्याला एवढंच कळवा की माप झाल्यावर बोलू.